माझी गिटार बिघडलेली नाही

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढची कटकट वाचेल. लेडीज होस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत खिळ्याला जी गिटार लटकलेली दिसते, ती बिघडलेली नाही. तिला कुणी पाडलेली नाही, पावसाळ्यात ती फुगलेली नाही आणि माझ्या रूम पार्टनरने तिच्या खुंट्या पिळलेल्या नाहीत (बिचारीवर आळ आलाय म्हणून सांगते). ती मी मुद्दाम तशी लावलेली आहे. तेव्हा कृपया, सबमिशनच्या रात्री माझी गिटार उचलून, एकदा झंकारून, "ई! किती घाण वाजतेय, थांब मी ट्यून करून देते" असं कुणीही करू नये. आत्तापर्यंत पाच जणींनी केलंय. दर वेळी मला पुन्हा अर्धा तास घालवून ती "बिघडवावी" लागते.

मराठी विभागाच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा मी हसले होते. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये, तेही नन्सच्या हाताखाली. मराठीत बोललं की दंड असायचा. घरी मराठी होती म्हणून वाचले. पण ऱ्हस्व-दीर्घाचं म्हणाल तर तो विषय माझा कायमचा केटी आहे. प्रूफ तपासणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

तर विषय असा. गिटारला सहा तारा असतात हे सगळ्यांना माहीत आहे. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत त्या ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावायच्या, हेही गिटार हातात घेतलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगितलं जातं. का लावायच्या, हे मात्र कुणी सांगत नाही. मीही विचारलं नव्हतं. आपण सगळे जर्नलमधला 'एम' पण न विचारता उतरवून काढणारी माणसं, गिटारने काय पाप केलंय?

आपल्या भाषेत सांगायचं तर पहिली तार सा धरली की दुसरी तिचा मध्यम असते, तिसरी दुसरीचा मध्यम, चौथी तिसरीचा मध्यम. आणि मग अचानक जी ते बी इथे मध्यमाऐवजी गंधार येतो. त्यानंतर परत मध्यम. म्हणजे चार जागी पाच अर्धस्वरांचं अंतर आणि एका जागी चारच. त्या एका जागेमुळे काय होतं ते गिटार शिकणाऱ्यांना विचारा. खालच्या तीन तारांवर पाठ केलेला कॉर्डचा आकार एक तार वर नेला की चालतो, आणखी एक वर नेला की मोडतो, अजून वर नेला की परत वेगळा मोडतो. साध्या तीन स्वरांच्या मेजर कॉर्डचे, तिन्ही उलटापालटी धरून, शेजारशेजारच्या तारांवर नऊ आकार पाठ करावे लागतात. मायनरचे आणखी नऊ. रट्टा मारा, दुसरं काही नाही.

या व्यवस्थेला कारण नाही असं मुळीच नाही. हे मी आधी मान्य करते, कारण आमच्या म्युझिक क्लबमधले सीनियर हा लेख वाचणार आहेत. युरोपातल्या जुन्या ल्यूटलाही मधे एक गंधार आणि बाकी मध्यम अशाच तारा लावत. त्याने दोन टोकांच्या तारांचा मेळ बसतो, आणि पहिल्या तीन फ्रेटमध्ये, काही तारा मोकळ्या सोडून, भरघोस वाजणारे कॉर्ड सहज धरता येतात. शेकोटीभोवती बसून गाणी म्हणायला यापेक्षा सोयीची रचना मिळणार नाही. शेकडो वर्षं टिकली ती उगाच नाही.

पण "सोयीची" आणि "हीच खरी" यांत फरक आहे की नाही?

१९६० च्या दशकात राल्फ पॅट नावाच्या अमेरिकन जॅझ गिटारवाल्याला हाच प्रश्न पडला. शोनबर्गचं बारा स्वरांना सारखा मान देणारं संगीत आणि जॉन कोल्ट्रेनचा जॅझ त्याच्या डोक्यात होता. त्याने मध्यम काढून टाकले आणि सगळीकडे गंधार ठेवला. प्रत्येक तार आधीच्या तारेपेक्षा चारच अर्धस्वर वर. आता गणित करा, आपण इंजिनिअर आहोत. चार, चार आणि चार, म्हणजे बारा. बारा अर्धस्वरांत सप्तक पूर्ण होतं. म्हणजे तीन तारा ओलांडल्या की चौथी तार पुन्हा पहिलीच, फक्त एक सप्तक वर. सहा तारांच्या गिटारवर जी शार्प, सी, ई आणि परत जी शार्प, सी, ई. आणि प्रत्येक तारेवर चार बोटांखाली चार फ्रेट, तीन तारा, एकूण बारा घरं. बाराच्या बारा स्वर हात न सरकवता बोटांखाली. एकही जागा रिकामी नाही, एकही स्वर दोनदा नाही. डिजिटलवाल्यांनी केमॅप आठवावा. कडेला गेलं की दुसऱ्या कडेने आत येतो, तसंच.

मला हे पहिल्यांदा कागदावर कळलं तेव्हा मेसमध्ये जेवण गार झालं होतं. मेजर कॉर्ड म्हणजे एका तारेवर एक फ्रेट, पुढच्या तारेवर तोच फ्रेट, त्याच्या पुढच्या तारेवर एक फ्रेट मागे. झालं. मायनर करायचा असेल तर मधलं बोट एक घर मागे घ्या. झालं. हा आकार कुठल्याही तारेपासून सुरू करा, मोडत नाही. सर्वांत खालचा स्वर उचलून तीन तारा वर, त्याच फ्रेटवर ठेवला की कॉर्डची पुढची उलटापालट तयार. नऊ आकारांचे तीन झाले. आणि मुख्य म्हणजे आपण काय करतोय ते कळतं. 'अमुक बोट अमुक ठिकाणी' नाही, 'गंधार इथे आहे म्हणून बोट इथे'. तीन वर्षं वाजवल्यावर मला पहिल्यांदा कळलं की मी कुठले स्वर वाजवतेय! ओरलला बाहेरचे एक्झामिनर "ते ठीक आहे, पण हे का?" असं विचारतात ना, त्याचं उत्तर पहिल्यांदा आल्यासारखं वाटलं.

या पॅटबद्दल आणखी एक गोष्ट मला फार आवडते. तो शिक्षणाने भूगर्भशास्त्रज्ञ होता. गिटारची कारकीर्द बाजूला ठेवून तो पुन्हा त्याच कामाकडे वळला आणि ऑरेगन राज्यात भूजलावर काम केलं. २०१० मध्ये वारला. ऑरेगनचा बराच भाग आपल्या दख्खनच्या पठारासारखाच, लाव्हाचे थर एकावर एक थिजून झालेला आहे. दगडांचे थर वाचणारा माणूस गिटारकडेही थरांसारखाच बघत असेल, असं आपलं मला वाटतं. दगडाच्या थरांचा विषय पुढे येणार आहे.

कागदावर कळणं वेगळं आणि गिटारला लावणं वेगळं. मी पहिला मूर्खपणा असा केला की आहे त्याच तारा पिळायला घेतल्या. जाड ई ची तार जी शार्पपर्यंत न्यायची म्हणजे चार अर्धस्वर वर. तारेची लांबी आणि वजन तेच ठेवलं तर ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे आपण सगळ्यांनी फर्स्ट इयरला फिजिक्समध्ये लिहून मार्क मिळवलेले आहेत. चार अर्धस्वर म्हणजे कंपनसंख्या १.२६ पट, त्याचा वर्ग १.५९. ताण एकोणसाठ टक्के जास्त! हे गणित मी तार तुटल्यावर केलं. खुंटीजवळ तुटली आणि मनगटावर वळ उठला. रूम पार्टनर म्हणाली, "मेकॅनिकलला ॲडमिशन कशी मिळाली तुला?"

नंतर शहाणपणाने केलं. कुणाला करायचं असेल तर सांगते. नेहमीचा एक सेट आणि डी ची एक सुटी तार घ्यायची. जाड ई बाजूला ठेवून द्यायची. तिच्या जागी ए ची तार आणून अर्धा स्वर उतरवायची. पाचव्या जागी डी ची तार दोन अर्धस्वर उतरवून, चौथ्या जागी दुसरी डी दोन अर्धस्वर चढवून. जी आणि बी फक्त अर्धा अर्धा स्वर वर, आणि पहिली ई आहे तशीच. ही चढवायची डी मात्र हळूहळू चढवा, आणि डोळे लांब ठेवा. खालचे चार अर्धस्वर यात गमावले जातात, हा खरा तोटा आहे. पॅटने त्यासाठी सात आणि आठ तारांच्या गिटारी वापरल्या. आपल्याला सहावरच भागवायचंय.

आता दुसरा मूर्खपणा, आणि हा मला जास्त प्रिय आहे. मला वाटलं गंधार तर माझ्या कानात आहे, ट्यूनर कशाला हवा? लहानपणी चार वर्षं गाणं शिकले होते. तानपुऱ्याची खर्जाची तार छेडली की तिच्यातूनच एक गंधार आपोआप ऐकू येतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात, हे बाईंनी दाखवलेलं. तो मुळात त्या तारेचा पाचवा स्वरांश. खाली आणला की षड्जाशी त्याचं प्रमाण पाचास चार. मी डोळे मिटून तसा गंधार जुळवला. काय सुंदर जुळला! मग त्या तारेचा गंधार पुढच्या तारेवर, त्याचा गंधार त्याच्या पुढच्या तारेवर. सगळे शांत, कुठेही थरथर नाही. आणि मग पहिली तार आणि चौथी तार एकत्र वाजवल्या. एक सप्तक यायला हवं होतं. आलं ते असं, की शेजारच्या खोलीतून भिंतीवर धपाटा आला.

पाच भागिले चार, तीनदा गुणा. एकशे पंचवीस भागिले चौसष्ट. सप्तक व्हायला हवे होते एकशे अठ्ठावीस भागिले चौसष्ट. तीन कमी पडले! सेंटमध्ये मोजलं तर एकेचाळीस सेंट, म्हणजे जवळजवळ पाव स्वर. निसर्गाने दिलेले तीन गोड गंधार एकावर एक रचले तर सप्तक भरत नाही, ही गोष्ट मला त्या रात्री दोन वाजता कळली आणि झोप उडाली. गिटारवर, पियानोवर, बाजारातल्या पेटीवर जो गंधार असतो तो म्हणूनच मुळात थोडा चढा असतो. चौदा सेंट चढा. सगळ्या स्वरांना सारखं वागवायचं, कुठूनही सुरुवात करता आली पाहिजे, तर प्रत्येकाला थोडं खोटं बोलावं लागतं. गंधाराला जरा जास्तच.

आपल्याकडे यावर भांडणं झालेली आहेत आणि ती आपल्याच राज्यात झालेली आहेत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, अब्दुल करीम खाँसाहेबांना गायला लावून स्वर मोजले, आणि श्रुतींची पेटी करून घ्यायचा खटाटोप केला. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदीच घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. तिचे स्वर आपल्या गाण्याचे नाहीत हे त्यातलं एक मोठं कारण होतं. आणि आपल्या काळात ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी करून दाखवली. माझा मुद्दा इतकाच, की वाद्य कसं लावायचं हा प्रश्न आपल्याकडे कधीच मिटलेला नव्हता. तानपुऱ्याची पहिली तार आपण पंचमाला लावतो, मालकंस असेल तर मध्यमाला, मारव्याला निषादाला. गायक बदलला की तानपुरा उतरवतात, चढवतात. मिरजेच्या तानपुऱ्याला "बिघडलाय" असं कुणी म्हणत नाही. मग गिटारवरच ही सक्ती का? जोनी मिचेलने तर डाव्या हातात लहानपणीच्या पोलिओमुळे जोर कमी म्हणून पन्नासएक तऱ्हांनी गिटार लावली, आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली.

असो. आता गॅदरिंगचं सांगते. कुणाचं नाव घेणार नाही. बँडमध्ये मला रिदम गिटार दिली होती. प्रॅक्टिसला मी माझी गंधारवाली गिटार घेऊन गेले. पहिल्याच गाण्यात मोकळ्या तारांचे जाड कॉर्ड हवे होते. माझ्या गिटारवर सगळ्या तारा मोकळ्या वाजवल्या तर येतो तो एक अधांतरी कॉर्ड, भुताच्या सिनेमात दार उघडताना वाजतो तसला. खालची ई तर माझ्याकडे नव्हतीच. तीन दिवसांनी मला सांगण्यात आलं की "तू पुढच्या वर्षी बघ." वाईट वाटलं. दोन दिवस मी मेसला उशिरा जात होते, कुणी भेटू नये म्हणून. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर ते बरोबर होते. त्यांना तिथे शेकोटीची गिटार हवी होती, मी घेऊन गेले होते प्रयोगशाळा. सीनियर म्हणाले, "आधी स्टँडर्ड नीट ये, मग बदल." याचं अर्धं मला पटतं. अर्धं नाही. स्टँडर्ड नीट येईपर्यंत बदलायची इच्छाच मरते, हे मी आपल्या पूर्ण बॅचमध्ये रोज बघतेय.

त्यानंतर दिवाळीची सुट्टी लागली आणि मी आजोळी गेले. माझं आजोळ तळीये.

नाव ऐकल्यावर चेहरे बदलतात, मला सवय आहे. २२ जुलै २०२१. महाडमध्ये सावित्रीचं पाणी चढत होतं, पोलादपूरला केवनाळे आणि सुतारवाडीवर दरडी आल्या, आणि तळीयेत कोंढाळकरवाडीवर डोंगर उतरला. ऐंशीहून जास्त माणसं गेली. आबांचं घर दुसऱ्या वाडीत, म्हणून ते आहेत. मी तेव्हा शाळेत होते, लॉकडाऊनमध्ये घरी, दोन दिवस फोन लागत नव्हता. आमच्याकडचे सिव्हिलचे मित्र आता मला समजावून सांगतात की दगडाच्या थरांवर मातीचा जाड थर, उताराला पाणी मुरतं, वजन वाढतं, घट्टपणा जातो. बरोबरच सांगतात. मला ते कळतं. कळून काही होत नाही एवढंच. २००५ च्या जुलैमध्येही याच तालुक्यात जुई, दासगावला हेच झालं होतं.

आबांच्या भजनात पेटी वाजवणारे त्या दिवशी गेले. पेटी त्यांच्याच घरी असायची. तेव्हापासून भजन वीणा, टाळ आणि पखवाजावरच चाललंय. नवी पेटी आणायला पैसे जमले नाहीत असं नाही. वाजवणारं कुणी बसत नाही. पोरं मुंबईला.

कार्तिकीच्या आधी दोन दिवस देवळात सराव होता. मामा म्हणाला, "तुझं ते गिटार घेऊन बस गो. पेटीसारखं मागनं मागनं वाजव." मी म्हटलं, "मामा, भजनात गिटार?" तो म्हणाला, "मग काय शोभेला आणलंस?"

आबा काळी एकमध्ये गातात. काळी एक म्हणजे सी शार्प. मी हात ठेवला आणि मलाच हसू आलं. माझ्या पाचव्या तारेवर पहिल्याच फ्रेटला सा. तिसऱ्या फ्रेटला रे. चौथ्या तारेवर पहिल्या फ्रेटला ग, दुसऱ्याला म. तिसरी तार मोकळी सोडली की पंचम! सहावी मोकळी सोडली की खालचा पंचम. दुसऱ्या फ्रेटला धैवत, दुसरी तार मोकळी निषाद, तिच्या पहिल्या फ्रेटला वरचा सा. सगळं सप्तक तीन फ्रेटमध्ये, हात कुठेही न हलवता, आणि आबा वरच्या सप्तकात गेले की तीन तारा वर तेच आकार. भजनात आबा पुढचा चरण कुठून उचलतील याचा नेम नसतो. नेहमीच्या गिटारवर मी शोधत बसले असते. इथे ते गात होते आणि बोटं मागे जात होती. कॉर्ड कुणाला हवाच नव्हता. गॅदरिंगमध्ये जे जमलं नाही, ते या एकाच कामासाठी केल्यासारखं बसलं.

अभंग भूपातला होता. दोन चरण झाल्यावर आबांनी हात वर केला. टाळ थांबले.

"बाय, बरं वाजवतेस. पण तुजा गंधार चढतोय गो."

मी मोबाईल काढला. ट्यूनर लावून दाखवला. काटा अगदी मधोमध, हिरवा. म्हटलं, "आबा, हा बघा, बरोबर आहे."

"मोबाईलला भजन म्हणायचंय का?"

सगळे हसले. आबांनी वीणा छेडली, हळूच गंधार लावला आणि मला म्हणाले, "उतरव. आजून. आजून थोडा. ऱ्हा." तार आणि आवाज यांच्यामध्ये जी थरथर होती ती मंद होत गेली आणि एका जागी थांबलीच. मी चोरून मोबाईल बघितला. तेरा-चौदा सेंट खाली.

होस्टेलच्या वहीत मी हा चौदाचा आकडा लिहून, खाली दोन रेघा मारून ठेवला होता! आबांची शाळा चौथीपर्यंत झाली.

आणि इथे मला माझ्या या लावणीची आणखी एक गंमत कळली, जी कागदावर सुचली नव्हती. गिटारवर फ्रेट ठोकलेले असतात. बोटाने तार ओढून स्वर चढवता येतो, उतरवता येत नाही. मग चढा गंधार खाली कसा आणणार? पण माझ्या गिटारवर आबांचा गंधार नेहमी एकाच तारेवर पडत होता, चौथीवर, आणि वरचा गंधार पहिलीवर. त्या दोनच तारा चौदा सेंट उतरवल्या की काम झालं. भूपात मध्यम नाही, त्यामुळे त्या तारेवर गंधाराशिवाय काही वाजवायचंच नव्हतं. पुढच्या अभंगात मध्यम आला, तो त्याच तारेवर, म्हणजे तोही उतरलेला. पण त्याला बोटाने किंचित ओढून वर घेता येतो. घेतला. रात्री दोनला ज्या एकेचाळीस सेंटनी माझी झोप उडवली होती, ते आडवे आलेच नाहीत. कारण मला तीनही गंधार गोड हवे होते, आणि भजनाला एकच पुरतो. त्यांचा सा रात्रभर हलत नाही.

हे सगळं सांगून मला काय हवंय? फार नाही. म्युझिक क्लबकडे दोन गिटारी आहेत, दोन्ही ई-ए-डी-जी-बी-ई. त्यातली एक वर्षभर गंधारात लावून ठेवावी. तारांचा खर्च मी देते. नव्या येणाऱ्या मुला-मुलींना पहिले दोन महिने त्या गिटारवर बसवावं, आकार पाठ न करता स्वर शोधायला लावावेत, मग खुशाल स्टँडर्ड शिकवावं. गाण्यांच्या वह्या, यूट्यूबवरचे धडे, सगळं स्टँडर्डमध्येच आहे, ते शिकावं लागणारच, मी काही क्रांती मागत नाहीये. क्लबचे फॅकल्टी इन्चार्ज सर म्हणतात की मुलं गोंधळतील. सर, मुलं आत्ताही गोंधळलेलीच आहेत, फक्त पाठ आहे म्हणून कळत नाही. आणि ज्यांना गॅदरिंगला वाजवायचंय त्यांच्यासाठी दुसरी गिटार आहेच की. मलाही पुढच्या वर्षी तीच लागेल, बँडमध्ये परत घेतलं तर.

आणि दुसरी मागणी लेडीज होस्टेलपुरती. माझ्या गिटारला हात लावायचा तर जरूर लावा, पण खुंट्यांना नको. चौथी आणि पहिली तार ट्यूनरवर थोडी खाली दिसेल. ती तशीच राहू दे.

परवा मामाचा फोन होता. आषाढीला ये म्हणतोय. कोंढाळकरवाडीचा एक मुलगा आता भजनाला येतो, बारावीला आहे, आवाज चांगला आहे, पण तो काळी दोनमध्ये गातो. "तुझ्या त्या गिटारवर जमेल का?" मी म्हटलं जमेल, सगळं दोन फ्रेट पुढे सरकवायचं, आकार तेच. फक्त मोकळा पंचम जाईल, तो दाबून घ्यावा लागेल. आबांना वीणा चढवावी लागेल, त्यावर ते कुरकुर करतील. मी डी च्या दोन सुट्या तारा आणून ठेवल्या आहेत.